खांदा

ईस्टरआधीच्या उपवासातला तिसरा शुक्रवार.
इरीत सरोवराचा बर्फ अजून काठ सोडत नाही
आणि चर्चच्या तळघरात
एकशेऐंशी माणसांचा मासा तळायचाय.

कढईशी टेड व्रोबेल, वय एकाहत्तर.
एकतीस वर्षं हीच कढई, हाच ॲप्रन,
छातीवर टीमचा लांडगा,
धुऊन धुऊन त्याचं मांजर झालेलं.
मी माशाला पीठ लावते.
हात पिठात असले की कान मोकळे राहतात.

"छत्तीस वर्षांचा क्वार्टरबॅक! दोन वर्षांचा करार!
आणि खांदा दोनदा उसवून शिवलेला!"
हा डेल्रॉय पिंकनी, टपालाची गाडी चालवतो,
स्वतःच्या पगारात दर महिन्याला चुकतो,
खेळाडूंचे पगार मात्र सेंटपर्यंत पाठ.

"अनुभव आहे त्याला," कोबी चिरता चिरता मार्सी,
"डिसेंबरच्या वाऱ्यात बॉल कसा फेकायचा ते कळतं."
"हो, फेकेल की. हॉस्पिटलच्या खिडकीतून."

"मग टेक्सासचा तो पोरगा घ्या ड्राफ्टमध्ये.
साठ यार्ड फेकतो, गुडघ्यावर बसून."
"बर्फ पाहिलाय का त्यानं?"
"पाहिलाय. सरबतात."

मागच्या खेपेला असाच एक पोरगा आणला होता,
सगळ्या गावानं त्याच्या नावाची जर्सी घेतली,
तिसऱ्या आठवड्यात त्यानं बॉल मारला
आपल्याच गार्डच्या पाठीत.
तोंड असं पोळलंय आमचं
की आता ताक फुंकत नाही, फ्रीजमध्येच ठेवतो.

मार्सीनं सुरी खाली ठेवली.
"तुम्हाला हवी आखूडशिंगी, बहुदुधी,
लाथ न मारणारी,
आणि वर पगाराच्या मर्यादेत बसणारी.
अशी गाय मिळाली तर ती आपल्याकडे कशाला येईल?"

जिन्यात उभे राहून फादर अन्सेल्म म्हणाले,
"आधी डावा टॅकल आणा.
घराला भिंत नाही
आणि तुम्ही भांडताय दिवाणखान्यात कोण बसणार त्यावर."
फादर दरवर्षी हेच म्हणतात,
दरवर्षी बरोबर असतात,
आणि दरवर्षी कुणीतरी त्यांना कॉफी देऊन वर पाठवतं.

टेड यंदा काहीच बोलला नव्हता.
एरवी त्याच्या यादीत सात नावं असतात, तीन निवृत्त झालेली.
राखेच्या बुधवारपासून मी बघतेय,
जाळी तो डाव्या हातानं उचलतो.
उजवा असतो कमरेशी,
रुसलेल्या पाहुण्यासारखा.
मी पाहिलं, मार्सीनं पाहिलं,
डेल्रॉयनंसुद्धा पाहिलं असणार.
म्हणूनच तो खांद्याबद्दल एवढा ओरडत होता की काय,
की त्याला खरंच कळलं नाही,
देव जाणे.

"छत्तीस," टेड तेलाकडे बघत म्हणाला,
"हे काय वय आहे?"

मग थोडा वेळ फक्त तेलच बोललं.

भाच्याला डेल्रॉयनं ट्रे धुवायला आणलं होतं.
कमारी, सोळा वर्षांचा, कानात काहीतरी खुपसलेलं.
"ए पोरा," टेड म्हणाला, "तो साबण राहू दे. इकडे ये."
आणि एकतीस वर्षांचा चिमटा
त्याच्या ओल्या हातात दिला.

पहिल्या घाण्याला पोरानं सगळे तुकडे एकदम सोडले.
तेल फसफसून वर आलं, माशाचा झाला एकच गोळा.
"इंटरसेप्शन!" डेल्रॉय ओरडला.
सगळ्यांत आधी टेड हसला.
दुसरा घाणा पांढराफटक.
तिसरा थाळ्यांत गेला.
चांगला नव्हता, खोटं कशाला बोलू,
पण गरम होता, आणि रांग जिन्यापर्यंत होती.

टेड पालथ्या बादलीवर बसला.
"पहिल्या हंगामाला चालतंय," म्हणाला, कुणाला ते कळलं नाही.

मार्सी अजून डेल्रॉयशी भांडत होती,
टेक्सास, टॅकल, पुढच्या वर्षीचे पैसे,
आणि भांडता भांडताच, मान न वळवता,
तिनं गोठलेल्या वाटाण्याची पिशवी
टेडच्या उजव्या खांद्यावर ठेवली.